कलशातला च

मारोतीच्या ओट्यासमोर सकाळपासून माणसं जमत होती. दुपारपर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. जळगाव जामोदहून ऑटो भरभरून येत होते. शेगावला दर्शनाला आलेली मंडळीही वाट वाकडी करून सावरमाळला उतरत होती. कारण सावरमाळला मेलेलं माणूस बोलत होतं.

ओट्यावर लाल कापड, कापडावर तांब्याचा कलश, कलशावर नारळ. मागे निरंजननाथ महाराज बसले होते. खरं वाघाचं कातडं आता मिळत नाही, म्हणून त्यांनी वाघाचं चित्र छापलेलं ब्लँकेट अंथरलं होतं.

“मोबाईल बंद करा,” महाराज डोळे मिटूनच म्हणाले. “आत्मा म्हणजे सूक्ष्म तरंग. ब्रह्मांडाची फ्रिक्वेन्सी ताम्रधातूत उतरते. तुमच्या मोबाईलच्या लहरी मध्ये आल्या, की आत्मा अडखळतो. आणि मनात शंका आणू नका. शंका आली की रेंज जाते.”

लोकांनी मुकाट्याने मोबाईल बंद केले. चालू राहिला फक्त हर्षलचा. हर्षल गावचाच पोरगा. तो ‘डोंगरकाठ न्यूज’ नावाचं बातम्यांचं चॅनल चालवायचा. त्याचा एक मोबाईल तिपाईवर लावलेला होता आणि त्यावरून हा सगळा चमत्कार लाइव्ह चालला होता. दुसरा मोबाईल त्याच्या हातात होता. लोकांच्या कमेंट वाचायला, असं तो सांगायचा.

“मंग हर्षलच्या मोबाईलनं आत्म्याले काय गुदगुल्या होतात का बे?” मागून कोणीतरी म्हणालं.

“चूप बस. रेंज जाईन तुह्यानं.”

दोघं-चौघं हसले, आणि लगेच गप्प झाले. कारण कलश बोलू लागला होता.

“अवो, आयकता का? जेवले का?”

पहिल्या रांगेत बसलेल्या शेषरावच्या अंगावर काटा आला. रोज येत होता, तरी आजही आला. आवाज त्याच्या बायकोचा होता. रुखमाबाईचा. तोच किंचित बसका गळा, वाक्य संपता संपता तसंच खाली उतरणं. पोळ्याच्या आधी ती कावीळ होऊन गेली. तिच्यामागे घरात त्याला ‘जेवले का’ म्हणून विचारणारं कोणी राहिलं नव्हतं. आता कलश विचारत होता.

“जेवलो,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे वाहू लागले. हर्षलने तिपाईवरचा मोबाईल त्याच्याकडे वळवला.

पहिल्या दिवशीही असंच झालं होतं. ‘नवऱ्याने ओळखला मृत पत्नीचा आवाज! पाहा थरारक क्षण!’ असं लिहून, शेषरावच्या डोळ्यांभोवती लाल गोल काढून हर्षलने तो व्हिडिओ टाकला. तो कुठल्या कुठे गेला. ज्यांना संशय होता, तेही म्हणू लागले, “नवरा खोटा रडन का?”

एवढ्यावर थांबलं असतं, तर एका दुःखी माणसाचा तमाशा झाला म्हणून सोडून देता आलं असतं. पण कलशाला आणखी काम होतं.

रुखमाबाई अंगणवाडी सेविका होती. गावातल्या तिशीच्या आतल्या प्रत्येकाला तिने बोलायला शिकवलं होतं. सगळे तिला मावशी म्हणायचे. शेवटच्या वर्षात तिने एकच ध्यास घेतला होता. बसथांब्याजवळचं देशी दारूचं दुकान बंद करायचं. घरोघरी फिरून तिने बायांच्या सह्या घेतल्या. सरकारने मतदान लावलं. मत फक्त बायांनी द्यायचं. दुकान बंद हवं तर आडवी बाटली, चालू हवं तर उभी बाटली. यादीतल्या अर्ध्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तरच दुकान बंद. म्हणजे जी बाई घरी बसली, ती न बोलता उभ्या बाटलीकडेच गेली.

तारीख लागायच्या आत रुखमाबाई गेली. आणि तारीख लागल्यावर महाराज आले.

“माह्या बायांनो,” कलश म्हणाला, “माहं आयका. चूल मोडू नका. हाताची पाच बोटं सारखी नसतात. दुकानापायी घराघरात भांडनं लागले, ते पाप माह्या माथी हाय. मतदानाले कोनी जाऊ नका. मले सुटू द्या.”

बाया रडू लागल्या. महाराजांनी नारळावर कुंकू वाहिलं. मांडवाच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेल्या माणिकरावने हात जोडले. माणिकराव म्हणजे दारूच्या दुकानाचा मालक. मांडवही त्याचाच होता. “आपला कायी संबंध नाही, आपली निस्ती श्रद्धा,” असं तो विचारायच्या आधीच सांगत सुटला होता.

गर्दी पांगताना जनकाबाई शेषरावजवळ आली. रुखमाबाईच्या मागे बचतगटाचं आणि या मतदानाचं सगळं तीच पाहत होती.

“भाऊजी, दुसऱ्या कोनाले नाही इचारत. तुमी तिच्यासंगं संसार केला. तुमीच सांगा, ही ती हाय का?”

“आवाज तिचाच हाय, जनकाबाई.”

“आवाज नाही इचारला. ती हाय का?”

जनकाबाईने पदराने तोंड पुसलं.

“परवा मतदान हाय. निम्म्या बाया आताच म्हनून राह्यल्या, मावशीच नको म्हन्ते तर काऊन जायाचं. तुमी हाव म्हना, मीबी घरी बसतो. तिच्यापायी उभी राह्यलो होतो, तिच्यापायीच बसतो.”

“उद्या सांगतो,” शेषराव म्हणाला.

घरी आला तर ओसरीत शाळेच्या मंजुश्री मॅडम बसलेल्या. त्या बुलडाण्याच्या. इथे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत. रुखमाबाईकडे त्यांचं येणंजाणं होतं.

“काका, रागावणार नसाल तर एक बोलू?”

“कलशाचं असन तर नका बोलू.”

“कलशाचंच आहे.”

“मंग नका बोलू म्हनलं ना!” शेषरावचा आवाज चढला. “साऱ्या गावाले काय करायचं ते करू द्या. मले ती रोज इचारते, जेवले का म्हून. तुमाले काय जाते त्याच्यात?”

मॅडम उठल्या नाहीत. “नाही बोलत. तुमचा मोबाईल द्या फक्त.”

त्याने चिडूनच तो पुढे सरकवला. मॅडमनी व्हॉट्सअॅप उघडलं, रुखमाबाईचं नाव शोधलं. ती अकोल्याच्या दवाखान्यात होती, तेव्हा तिथून बोलून पाठवायची. ते निरोप तसेच पडून होते.

“हे अजून हाय?” शेषराव पुढे झुकला. “मले वाटलं, एकदा आयकलं का पुसून जाते.”

मॅडमनी बोट लावलं.

“अवो, चूल पेटवली का? चुलीवर दूध ठेवसान अन् ओट्यावर गोठी करत बसान. पाच मिनिटात उतू जाते, सांगून ठेवतो.”

पाठीमागे दवाखान्यातला कालवा, कोणाचा तरी खोकला. शेषरावने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मॅडमनी मग स्वतःच्या मोबाईलवर आजचा कलशाचा व्हिडिओ लावला. ‘चूल मोडू नका. हाताची पाच बोटं सारखी नसतात.’

शेषराव थबकला.

“मांगं घ्या.”

मॅडमनी मागे घेतला. पुन्हा दवाखान्यातला निरोप. पुन्हा कलश.

“हे चूल...” तो चाचरला. “हे तिची चूल नाही. हे तं आपला बऱ्हानपूरचा चादरीवाला बोलते तसं होऊन राह्यलं. तो नाही का, ‘पाच चादर’ म्हनते?”

बऱ्हाणपूरचा चादरीवाला वर्षानुवर्षं गावात यायचा. माणूस भला, मराठी फाडफाड बोलायचा, पण त्याचा च सगळीकडे एकसारखा. पोरं त्याच्यामागे ‘पाच चादर, पाच चादर’ ओरडत फिरायची आणि तोही हसायचा.

“‘चिंच’ म्हणा बरं काका,” मॅडम म्हणाल्या.

“चिंच.”

“पहिला च आणि दुसरा च, जीभ एकाच जागी लागते का?”

शेषरावने मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. पहिला च टाळूला लागत होता. दुसरा दातांमागे.

“नाही लागत.”

“लिहिताना अक्षर एकच. बोलताना च दोन. आपल्याला कोणी शिकवत नाही, आईच्या मांडीवर कळतं. आता असं यंत्र आलं आहे, की माणसाचं थोडं बोलणं त्याला ऐकवलं, की ते त्या माणसाच्या आवाजात काहीही बोलतं. कोणी लिहून द्यायचं, त्याने वाचायचं. मावशींची भाषणं हर्षलच्या चॅनलवर ढिगाने आहेत. आवाज त्याने उचलला. पण हे यंत्र शिकलंय जास्त हिंदीवर. लिहिलेला च कुठे कोणता, हे त्याला ठाऊक नाही.”

“एवढे लोक आयकतात. कोनाले काऊन नाही कळलं?”

“रडताना कोण च ऐकतं, काका?”

कळणं आणि मानणं यांत बरंच अंतर असतं. मानलं, तर उद्यापासून ‘जेवले का’ विचारणारं कोणी नव्हतं.

मॅडम गेल्या आणि पाठोपाठ माणिकराव आला. दारातच उभा राहिला.

“मॅडम काय म्हनत होत्या?”

“शाळेचं काम होतं.”

“बरं. शेषराव, शिकले-सवरले लोक शंका काढतात अन् निघून जातात आपल्या गावाले. त्यायचं काय जाते? भाभी तुमच्यासंगं बोलते, त्यायच्यासंगं नाही.” माणिकराव गोड हसला. “उद्या कोनी कलशाचा अपमान केला, अन् भाभीनं बोलनं बंद केलं तं? तुमाले सोसन का?”

एक गोष्ट शेषरावच्या ध्यानात आली. रुखमाबाई जिवंत असताना हा माणूस तिला कधी भाभी म्हणाला नव्हता. ‘लय बोलते’ एवढंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होती. मतदानाच्या आदल्या दिवशीची दुपार. हर्षलने सकाळपासून जाहिरात चालवली होती: ‘मावशींचा अखेरचा संदेश, फक्त आपल्या चॅनलवर.’ बाया पुढे, पुरुष मागे. जनकाबाई शेषरावकडे एकटक पाहत होती. त्याने तिला अजून काही सांगितलं नव्हतं. मंजुश्री मॅडम खांबाजवळ उभ्या होत्या.

महाराजांनी शंख फुंकला. “आज आत्मा शेवटचा उतरतो आहे. उद्या त्याला मुक्ती. मुक्ती कधी? तुम्ही घरात शांत बसाल तेव्हा! बाहेर पडाल, बोटाला शाई लावाल, तर आत्मा लटकेल. ना इकडचा, ना तिकडचा!”

कलश बोलला. कालचंच बोलला, थोडं वाढवून. “माही आन हाय तुमाले. उद्या कोनी उंबरा ओलांडू नका.”

बायांमध्ये हुंदके सुरू झाले. “नाही जात, मावशी,” एक म्हणाली. दुसरी म्हणाली. जनकाबाईने मान खाली घातली.

शेषराव उठून उभा राहिला.

“महाराज, मले तिले एक इचारायचं हाय.”

महाराजांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. रडका नवरा, शेवटचा प्रश्न. याहून चांगलं काय हवं? “विचार, वत्सा. प्रेमाने विचार.”

शेषराव कलशाकडे वळला. क्षणभर त्याला वाटलं, साधंच काहीतरी विचारावं. तब्येत विचारावी. उत्तर येईल, तिच्या आवाजात येईल, आणि घरी जावं. त्याने मुठी आवळल्या.

“रुखमे, अंगनवाडीत पोरायची जीभ वळावी म्हून तू एक म्हनून घेत होती. चटईचं. ते एकदा म्हन.”

मांडवात गलका झाला. ते कोणाला ठाऊक नव्हतं? हात पाठीमागे बांधून, रांगेत उभं करून रुखमाबाई ते म्हणून घ्यायची. चुकलं, की ‘पुन्हा’.

“आत्म्याशी खेळ करू नये!” महाराज गरजले. “आत्मा म्हणजे काय बालवाडी आहे?”

“अंगनवाडी होती, महाराज. तिथंच तिचा जन्म गेला.”

“म्हना मावशी!” एक तरुण बाई ओरडली. मग दुसरी. “म्हना ना!” मागचे पुरुषही बोलू लागले. हर्षलच्या मोबाईलवर कमेंटचा पूर आला होता: ‘म्हणू द्या’, ‘घाबरता का’, ‘म्हणा’. हर्षलने माणिकरावकडे पाहिलं. माणिकरावने, उरक लवकर, अशी मान हलवली. हातातल्या मोबाईलवर हर्षलचा अंगठा झरझर फिरला. ते वाक्य त्यालाही तोंडपाठ होतं. तोही त्याच रांगेत उभा राहिला होता.

कलश बोलला, “चटईला टाचणी टोचली.”

आवाज रुखमाबाईचा. आणि तीनही च चादरीवाल्याचे.

एक पोरगं खिदळलं. “पाच चादर!” कोणीतरी म्हणालं. मग हसू थांबलं. समोरच्या रांगेतल्या एका बाईच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “पुन्हा.”

“चटईला टाचणी टोचली,” कलश पुन्हा म्हणाला. हर्षलचा अंगठाही सवयीनेच हलला होता. च तसेच.

आता ते सगळ्यांनी ऐकलं. ज्यांची जीभ रुखमाबाईने वळवली, ते सगळे तिथे बसले होते. कोणी ठरवलं नाही, पण एक जण म्हणाला, मग दहा म्हणाले, मग सगळा मांडव म्हणू लागला, “चटईला टाचणी टोचली!” दातांमागचा लख्ख च. कलशाला समोरासमोर उत्तर दिल्यासारखा.

“शंका!” महाराज किंचाळले. “शंका आली! रेंज गेली! मृत्यूनंतर वाणीत फरक पडतो! शास्त्रात लिहिलंय!”

“मेल्यावर मानसाचा च बदलते का, महाराज?” शेषराव म्हणाला. “आवाज तसाच राह्यते, बसका गळा तसाच राह्यते, अन् निस्ता च बदलते? कोनत्या शास्त्रात हाय, दाखवा.”

जनकाबाई ओट्यावर चढली.

“हात लावशील तर भस्म होशील!”

“होऊ द्या. दारूनं लय जनायची राख झाली या गावात. माह्या एकीच्या राखेनं काय वाढन?”

तिने नारळ उचलला, कलश उपडा केला. लाल कापडावर मुठीएवढा गोल स्पीकर घरंगळला. त्यावर निळा दिवा लुकलुकत होता.

“बंद कर बे ते लाइव्ह!” माणिकराव ओरडला.

हर्षल उभा होता. दोन्ही हात लटकलेले. मंजुश्री मॅडम त्याच्याजवळ गेल्या, तेव्हा त्याने हातातला मोबाईल स्वतःहून त्यांच्याकडे दिला. मॅडमनी तो उंच धरला. पडद्यावर एक चौकट होती आणि चौकटीत लिहिलेलं होतं, ‘चटईला टाचणी टोचली’. त्याच्या वर ‘उद्या कोनी उंबरा ओलांडू नका’. त्याच्याही वर, सगळ्यात आधी लिहिलेलं, ‘अवो, आयकता का? जेवले का?’

मॅडमनी सगळ्यांना कळेल असं सांगितलं. भाषणातून आवाज कसा घेतला, इथे लिहिलं की तिथे कसं वाजतं, आणि सगळ्यांचे मोबाईल बंद का करायला लावले. चालू असते, तर कोणाच्याही मोबाईलच्या ब्लूटूथवर या स्पीकरचं नाव दिसलं असतं. तोपर्यंत महाराज ब्लँकेट तिथेच टाकून जीपकडे निघाले होते. पोरांनी जीप अडवली. पोलिस येईपर्यंत त्यांना पाणी पाजलं, दुसरं काही केलं नाही. जनकाबाईची ताकीद होती.

“तुहं नाव कोनं ठेवलं माहीत हाय का बे, हर्षल?” एका म्हाताऱ्याने विचारलं. “तिनंच ठेवलं होतं.”

हर्षलला हुंदका फुटला. “आधी पेपरले बातम्या देत होतो, आजोबा. नळाच्या, रस्त्याच्या, दवाखान्याच्या. कोनी वाचे ना. चॅनल काढलं, तरी ते बातम्या कोनी पाहे ना. चमत्कार टाकला अन् सारा जिल्हा पाहू लागला. माणिकरावनं सांगितलं, मी केलं.”

तिपाईवरचा मोबाईल अजून चालूच होता. तो त्याने बंद केला नव्हता. एवढं एक त्याच्या बाजूने सांगता येईल.

मतदानाला बाया रांगा लावून आल्या. तान्ही पोरं घेऊन आल्या, काठी टेकत आल्या. मोजणी झाली, आणि सावरमाळची बाटली आडवी झाली.

गुलाल उधळून झाल्यावर हर्षल शेषरावच्या ओसरीत आला. बसला नाही.

“काका, ते आवाजाचं अजून माह्यापाशी हाय. पोलिसायनं त्यायच्यापुरतं घेतलं. तुमाले ठेवायचं असन तं तुमच्या मोबाईलमंधी टाकून देतो. ती रोज बोलन तुमच्यासंगं. तो च बी दुरुस्त करता येते म्हन्तात आता.”

हर्षल खोटं बोलत नव्हता, चिडवतही नव्हता. जे देता येत होतं, ते देऊ पाहत होता.

“काय बोलन?”

“तुमी लिहान ते.”

“मी लिहीन, जेवले का. अन् ते मले इचारन, जेवले का.”

“हाव.”

“मंग ते तं मीच झालो ना बे.” शेषरावने मान हलवली. “पुस. माह्यासमोर पुस.”

हर्षलने पुसलं. पडद्यावर ‘नक्की?’ असं आलं, तेव्हा त्याने वर पाहिलं. शेषरावने हाव म्हटलं.

मग हर्षल चाचरत म्हणाला, “काका, चॅनलवर दोन शब्द बोलता का? खरं खरं?”

शेषरावने टोपी नीट केली आणि मोबाईलकडे पाहून बोलला.

“मी शेषराव. मी रडलो, ते तुमी पाह्यलं. माहं रडनं खरं होतं, आवाज खोटा होता. आमी च वरून पकडलं. उद्या ते यंत्र च बी शिकन, मंग च वरून नाही सापडनार. तवा तुमच्या घरचं गेलेलं मानूस बोलू लागलं, का पुढारी बोलला, का देव बोलला, तं आवाज वळखीचा हाय म्हून हाव म्हनू नका. इचारा. हे कोन बोलवून राह्यलं? कोन दाखवून राह्यलं? याच्या म्हनन्यानं मी घरी बसलो, तं कोनाचं दुकान चालू राह्यते? जो इचारू देत नाही, जो म्हन्ते शंका आली का रेंज जाते, तोच चोर. दुःख झालं तं रडा, लाज नाही त्याच्यात. पन रडता रडताबी इचारा.”